झाकणाचं भोक

रविवारी दुकान बंद असतं. मी नसतो.
जनरेटर उचलून मागच्या अंगणात आणतो,
कोंबड्या कुरकुरत उठून पलीकडे बसतात,
तासभर इथे काय चालणार ते त्यांना पाठ आहे.

आधी प्लग. पान्याचा एक हिसका,
मग नुसत्या बोटांनी सुटतो.
टोकावरची काजळी वस्तऱ्याच्या जुन्या पात्याने खरवडतो,
गिऱ्हाइकाच्या गालावर हात ठेवावा तितक्या हलक्याने.
फटीत दुमडलेलं रिचार्ज कार्ड सरकवून बघतो:
अडखळत गेलं, तर अंतर बरोबर.

हवेच्या स्पंजाचं काय सांगू.
हरमॅटनचा वारा सुटला की
मोकोलाच्या चढावरची सगळी लाल धूळ
नेमकी ह्याच्याच नाकात शिरते.
साबणाच्या पाण्यात तीनदा पिळतो,
चौथ्यांदाही पाणी लालच निघतं, तेव्हा म्हणतो, पुरे,
नळाला तरी कुठे स्वच्छ येतं.

पेट्रोल गाळायचं अडेनिकेच्या फाटक्या पायमोज्यातून.
लिटरला दोन टोपणं तेल,
टोपण खोकल्याच्या औषधाचं,
अजून त्याला चेरीचा वास आहे.

त्या रविवारी मात्र हौस आली.
दुकानाच्या पाटीचा निळा रंग डब्यात उरला होता.
टाकी रंगवली. झाकण रंगवलं.
वाळल्यावर आणखी एक हात दिला.
टायरवाला सिकिरू कुंपणावरून म्हणाला,
आता ह्याचं लग्न लावून टाक.

बुधवारी बाबा लमिदी खुर्चीत.
रेल्वेतले जुने फिटर. अकराला पुतणीच्या बाळाचं बारसं.
वीज नव्हती, ती कधी असते,
जनरेटर पहिल्याच ओढीला बोलला.
डावी बाजू झाली,
मशीन कानामागून वर वळवलं,
आणि आवाज बारीक होत होत
कुणी निरोप घेऊन गल्लीबाहेर जावं तसा
संपला.

ओढली दोरी. पुन्हा. पुन्हा.
आठव्या ओढीला चालू झाला, मिनिटभर खोकला, मेला.
प्लग काढला तर कोरडा ठणठणीत.
टाकी हलवली तर आत पेट्रोल हिंदकळतंय.
सगळं केलं होतं की मी.
नेहमीपेक्षा जास्तच केलं होतं.

बाबा लमिदी उठून बाहेर आले,
गळ्यात पांढरं कापड,
अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर पिंजलेला कापूस.
पोरं खिदळली. त्यांनी मान वळवली नाही.
वाकले, गुडघा कटकन वाजला,
झाकणावरून अंगठा फिरवला, आंधळा माणूस नाणं ओळखतो तसा,
आणि विचारलं, "भोक कुठंय?"

कसलं भोक?

"टाकीला श्वास घ्यायचं."

झाकण पिळलं.
फुस्स.
आत शिरणारी हवा मला ऐकू आली.
पोहणाऱ्याने फार वेळाने डोकं वर काढावं,
तसा काहीसा आवाज.

टाचणी आणली. निळ्या रंगाखाली,
दोन्ही हातांच्या खाली,
तिळाएवढं भोक सापडलं.

मग दोरी. एकदाच.

बाबा परत खुर्चीत बसले.
उपदेश नाही, काही नाही.
कानाजवळ आल्यावर "इथे जपून" एवढंच म्हणाले.
मी पैसे नको म्हटलं,
तर नोट दुमडून आरशाच्या चौकटीत खोचली
आणि बारशाला निघाले, अर्धा तास उशिराने,
दोन्ही बाजूंनी सारखे.

आता टाचणी माझ्या कॉलरला असते.
झाकण अजून निळंच आहे,
फक्त भोकाभोवती नखाएवढी जागा खरवडलेली,
तिथे उघडा पत्रा दिसतो.
किंचित गंजायलाही लागलाय.

गंजू दे.