तीन महिन्यांचं

इंजेक्शन बर्फातून न्यायचं असतं.
मेडिकलवाल्यानं थर्मासात घालून दिलं,
वर दोन खडे जास्त. म्हणाला, मामा, उन्हाचं बघा.
अशोक चौकातून रिक्षा,
मांडीवर थर्मास, दोन्ही हातांनी धरलेला.
बाहेर त्रेचाळीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गाठ ज्यावर जगते, ते शरीरात बनणंच थांबवायचं.
एकोणचाळीस वर्षं लूम चालवलेत मी,
मला एवढं कळतं:
सूत थांबलं की धोटा नुसता खटखटतो,
कापड पडत नाही.
सुरुवातीला थोडं उलट वाढेल, त्यासाठी या गोळ्या.
हेही कळलं. मेन काढला तरी
पट्टा चार फेरे फिरतोच.

ऑगस्टात आकडा अठ्ठ्याऐंशीवरून चारवर आला.
मुलानं पेढे वाटले, कशाचे ते न सांगता.
आकड्याबरोबर बाकीचंही उतरलं.
दाढी आता आठवड्याची एकदा.
बनियन घासला तरी छाती हुळहुळते.
आणि ते,
जे डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे बघत विचारलं
आणि मी पंख्याकडे बघत सांगितलं.

जानेवारी. गड्ड्याची थंडी.
रात्री अडीचला पोटातून काहीतरी पेटत वर आलं,
गळा, कान, टाळू.
चादर फेकली, मीच विणलेली, मोराची,
आणि ओट्यावर जाऊन बसलो उघडाच.
समोरच्या नळावर कुत्रं अंग आखडून झोपलेलं.

राजमणी मागून आली.
विडीची पानं भिजवायचं फडकं
पिळून मानेवर ठेवलं. तंबाखूचा वास.
किती वेळ टिकतं?
चार-पाच मिनिटं.
माझं दहा टिकायचं, म्हणाली.
कधी?
तुम्ही रातपाळीला होता.

रोज नव्हतो.
एका हिवाळ्यात ही रात्री उठून पंखा लावायची,
म्हणून मी रेग्युलेटरचं बटणच
काढून ठेवलं होतं, फळीवर, हळदीच्या डब्यामागं.
तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
दीड वर्ष बहुतेक. की दोन.

आत आलो. तिनं पंखा दोनवर केला,
मोराची चादर डोक्यावरून ओढली
आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.
तिचे पाय बाहेर राहिले होते.
मी झाकले.

चौथं अकरा फेब्रुवारीला.
थर्मास धुऊन, पालथा,
खिडकीत ठेवलाय.