न्याहारीसह मुक्काम

सावरटोल्याला उतरले तेव्हा दिवस बुडाला होता.
पतसंस्थेची तपासणी, दोन दिवसांचं काम,
आणि विश्रामगृहाची किल्ली ज्याच्याकडे
तो साळ्याच्या लग्नाला गेलेला.

"मंग बंगल्यावर जा ना जी," पानठेलेवाला म्हणाला,
"नाटकवाले रायतेत तिथं. सकारी खावाले पन भेटते."

बंगला लाकूड-डेपोच्या कुण्या साहेबाचा,
शंभरावर वर्षं झाली म्हणे.
साहेबाचं नाव कुणालाच येत नाही,
पण व्हरांड्याच्या सागवानी खांबावर
त्याच्या घणाचा ठसा आहे अजून,
अर्धं अक्षर, एक आकडा,
रंगाचे एवढे थर चढले तरी
बोटाला लागतो.

मालक दौलत नाकाडे. पूर्वी ऑर्गन वाजवायचे,
आता गुडघे भाता मारू देत नाहीत.
त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं:
नाव, गाव, येण्याचं कारण.

माझ्या वरच्या ओळी अशा होत्या.
प्रल्हाद मेश्राम. कारण: राजाचा भाऊ.
देवका गुरनुले. कारण: सासू.
इस्तारी वाढई. कारण: मरण, दुसरा अंक.

मी लिहिलं, लेखापरीक्षण.
नाकाड्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे कोनतं पात्र?"

तीन नंबरच्या खोलीला खिडकीचा पडदा
जुन्या नाटकातलाच, रंगवलेलं जंगल,
मधोमध कापून दोन केलेलं.
या बाजूला हरणाची मान, त्या बाजूला पाठ.
दोन्ही पडदे नीट ओढले
तरच हरीण उभं राहायचं.
खरं जंगल त्याच्या मागे,
धानाच्या कापल्या बांध्यांपलीकडे, काळं, गप्प.

रात्री थंडी कवेलूंतून उतरली.
कुठल्याशा गावात मंडई असावी.
वाऱ्यावर एक बाई
दीड वाजेपर्यंत रडत होती भोंग्यातून,
मग टाळ्या,
मग तीच बाई हसायला लागली.
मी गोधडीत पडून
सतरा रुपयांचा फरक शोधत होते,
जमा बाजूला सतरा जास्त,
कुठून आले ते कुठल्याच वहीत नाही.

पहाटे गाडी आली.
दारं आपटली, कुणी तरी खोकलं,
हौदावर पाणी सांडण्याचा आवाज,
आणि "हळू, बाई निजली आहे तीन नंबरात"
असं राजाच्या आवाजात.

सकाळी एकच टेबल. लाखोरीच्या डाळीचे वडे,
परातीत रचलेले, वाफाळलेले.
प्रल्हाद मिशीचा डिंक नखानं खरवडत होता.
सासू मोबाइलवर लेकीला सांगत होती,
फी मी शुक्रवारी भरते, तू पेपरचं बघ.
इस्तारीच्या कानामागे रक्त राहिलं होतं,
त्यानं नववा वडा घेतला.
"मरनाऱ्याले भूक लय लागते," देवकाबाई म्हणाल्या,
फोनवर हात ठेवून.

इस्तारीनं मला विचारलं,
"तुमच्या कामात कोन मरते जी?"
कुणी नाही, मी म्हटलं. सतरा रुपये जुळत नाहीत.
"कमी का जास्त?"
जास्त.
तो हसला नाही. जरा विचार केला त्यानं.
"मंग कोनी तरी ठेवून गेला असन.
खा तुम्ही. थंडे होतेत."

निघताना पावती मागितली.
नाकाड्यांचं पावतीबुक संपलेलं.
त्यांनी खिशातून नाटकाचं एक तिकीट काढलं,
गादी, साठ रुपये, वेळ रात्री साडेनऊ,
त्याच्या पाठीवर लिहिलं
मुक्काम दोन, न्याहारीसह, नऊशे फक्त,
आणि वळणदार सही केली, जाहिरातीवर असते तशी.

प्रवासभत्त्याच्या बिलाला तेच जोडलं मी.
महिन्यानं कागद परत आला,
तिकिटाच्या बाजूनं टाचलेला,
समासात लाल शाईचा शेरा:
मुक्काम की करमणूक? खुलासा करावा.

टेबलावर आहे तो अजून.
वर पेपरवेट ठेवलाय.