फ्लॉ

केथनेसच्या खाणीत म्हातारा स्वॉन्सन
फरशीला कान लावून हातोडीची टिचकी मारतो.
बद्द वाजली की म्हणतो, ‘फ्लॉ’,
आणि बाजूला सारतो.

काल जेवताना सून म्हणाली
(इन्गा शाळेत शिकवते),
हा शब्द आधी दोष नव्हताच, मामंजी.
बर्फाची कपची होता, उडालेली ठिणगी होता,
त्याही आधी, बहुधा,
समुद्रापलीकडच्या बोलीत
दगडाची चीप.
तडा नंतर गेला.
दोष तर त्याहून उशिरा.

म्हातारा सूप भुरकत राहिला.
मग म्हणाला,
‘म्हणजे अख्खी खाण फ्लॉच की!’

आज संध्याकाळी
सारलेल्यांतली एक त्याने ढकलगाडीवर घातली,
मागच्या दाराशी बसवली.

पाय पडला की
बद्दच बोलते अजून.