दोन चमचे, सपाट

साडेदहाला पावडर येते.
दोन चमचे, सपाट, कोमट दुधात;
व्हॅनिलाचा वास थेट व्हरांड्यापर्यंत.

गायधनी तात्यांनी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छत्तीस वर्षं नोटा तपासल्या.
अजून हातात काही आलं
की आधी उजेडात धरतात.
आज ग्लास धरला.
"गुठळी आहे. माल परत."

सुरगाण्याची सिस्टर भोये हसली नाही.
पुन्हा ढवळलं. मग म्हणाली,
तात्या, ही वहीपण तपासून द्या.

वजनाची वही. दर सोमवारची.
सत्तेचाळीस, सेहेचाळीस, साडेचव्वेचाळीस.
तात्यांनी चष्मा पुसला,
बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं
आणि खालून वर वाचत गेले.
"बरोबर. वाढतंय की!"

मग एका दमात ग्लास रिकामा.
मिशीवर पांढरी रेघ,
उजेडात दिसेल एवढी.