बिल्माच्या वाटेवर रेंज नसते

अगादेझच्या बाजारात, पंक्चरवाल्याला लागून
माझी टपरी. चार हात रुंद.
एक संगणक, त्याचा पंखा माझ्याहून जास्त धापा टाकणारा,
आणि बिस्किटाच्या डब्यात मेमरी कार्डं,
नखाएवढी.

गाणं कुणी नावानं मागत नसे.
'ते कुत्रं भुंकतं ते दे,' म्हणायचे.
'ते, ज्यात मध्येच जनरेटर बंद पडतो
आणि बाया तशाच गात राहतात.'
मी द्यायचो.
माझ्या फायलींची नावं ऐकाल तर हसाल:
नवं तीन. नवं तीन, खरं.
घुमूरच्या मेहुणीचं लग्न, शेवटचा भाग.
रडू येईल, रात्री ऐकू नये.

शंभर गाण्यांना एका जेवणाचे पैसे.
पण आधी विचारायचो, कुठवर जाणार?
अर्लीत म्हणालास तर थोडी ढोलाची.
लिबियाची हद्द म्हणालास तर
न विचारता दहा जास्तीची घालायचो,
पैसे परतलास की दे.
काही परतले नाहीत.
त्यांची उधारी वहीत आहे, खोडत नाही.

मग पाण्याच्या टाकीशेजारी टॉवर उभा राहिला.
गिऱ्हाईक एकदम नाही तुटलं.
आधी शाळकरी पोरं गेली, मग शिंपी,
मग चहावाली रायशा,
जी चहाबरोबर वर्षानुवर्षं एकच गाणं उकळायची,
तिच्याही फोनमधून रोज काहीतरी निराळं.
कुणाचं गं हे?
म्हणाली, काय की. एक संपलं की पुढचं आपोआप येतं.

बारा वर्षं
ते आपोआप म्हणजे मी होतो.

भाचा इंतल्ला म्हणतो, मामा, जगातलं सगळं आहे यात.
म्हटलं, कुत्र्याचं काढ.
त्यानं लिहिलं, कुत्रं.
आलं भलतंच, लहान पोरांचं, भू भू करणारं.
मग म्हणाला, गुणगुणा, तो ऐकतो.
साठीचा माणूस मी, दाराशी लोक उभे,
हकिमाला घसा दाखवावा तसा
फोनपुढे तोंड उघडून गुणगुणलो.
चाक फिरलं. फिरत राहिलं.
आणि एक बाई गाऊ लागली.

आमची नव्हे. भाषा कुठली, देव जाणे.
मागे पाणी होतं, खूप पाणी, दगडावर आपटणारं,
कुणीतरी लाकडावर हळू ठोकत होतं.
चाल मात्र आमचीच, जवळजवळ;
फक्त शेवटी आम्ही जिथं खाली उतरतो
तिथं ती वर जाते, आणि थांबते,
अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटून
पाय उचललेल्या माणसासारखी.

इंतल्ला म्हणाला, चुकलं त्याचं.
म्हटलं, राहू दे.

रात्रभर ऐकलं. सत्तावीस वेळा,
हा आकडा फोनचाच, मी विचारला नव्हता.
सकाळी इंतल्लाला म्हटलं,
तिला यातले किती मिळतात रे?
फार नाही, म्हणाला.
मी शिव्या द्यायला तोंड उघडलं
आणि डब्याकडे बघून मिटलं.
त्यातल्या एकाही गळ्याला
मी कधी दमडी दिलेली नाही.

दुपारी घुमूर आला, मीठ आणायला निघालेला, बिल्माला.
चांगला फोन आहे त्याच्याकडेही.
पण शेवटची झोपडी मागे पडली
की त्यात नुसतं चाक फिरतं,
आणि बाहेर वाळू, तीन दिवस.
भर, म्हणाला, कार्ड पुढे करून.

मी फोनला फोन लावून ती बाई उतरवली.
त्यात पंक्चरवाल्याचा पंप आला,
इंतल्लाचा खोकला आला, दोनदा.
पुन्हा करायला वेळ नव्हता, इंजिन चालू होतं.
फाईलला नाव दिलं: चुकून आलेलं, पाण्याचं.

अठरा दिवसांनी ट्रक परतला.
घुमूर उतरला तो भुवयांवर मीठ घेऊन.
'ते खोकल्याचं आहे ना,' म्हणाला,
'त्याच्या चार प्रती दे.
तिथल्या मीठवाल्यांना हव्यात.'