सातव्या अंकाचा भाव

दामले पुण्याहून आले आणि त्यांनी
पांढरे हातमोजे घातले.
माझ्या दुकानात हातमोजे आजवर
फुटक्या काचा निवडणारा मुजीबच घालायचा.
अंक त्यांनी असा उचलला
जसं दोन दिवसांचं लेकरू, मान सांभाळून.

"नीलगरुड. अंक सातवा," आवाज एकदम बसलेला,
"शकूरभाई, हा आला कुठून?"

कुठून म्हणजे? पूर्णेहून.
रेल्वे क्वार्टरात बदलीचा कागद आला
की गार्डबाबूंच्या बायका
आधी रद्दी काढायच्या, मग रडायच्या.
किलोला दीड रुपया.
नीलगरुड असो, मागच्या सालचं पंचांग असो,
पोराचं नापास झालेलं गाईड असो,
काटा कुणाचं तोंड बघत नाही.

मग दामले मला शिकवायला लागले.
पिना गंजल्या का बघायचं. कण्याला सुरकुती किती.
पानं ताकाच्या रंगाची चालतात,
गुळाच्या रंगाला आली की भाव निम्मा.
शेवटच्या पानावरचं कुपन शाबूत पाहिजे.
आणि मुख्य म्हणजे ह्याच अंकात, पान एकोणीस,
कज्जला पहिल्यांदा येते.
चारच चौकटी. दिवा विझवते आणि जाते.
पुढं सगळी मालिका तिच्यावर चालली,
पण तेव्हा हे छापणाऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

"आणि उरलेत किती?" मी विचारलं.
"आम्हाला माहीत असलेले, अकरा."

अकरा.
मी चहा सांगितला.

त्या उन्हाळ्यात एजंट बुडाला होता.
सातव्या अंकाचे गठ्ठेच्या गठ्ठे आले,
सुतळीसुद्धा न सोडलेले.
निम्मे मी स्टेशनबाहेरच्या चिवडेवाल्याला दिले,
अख्ख्या परभणीनं महिनाभर
गरुडाच्या पंखात मुरमुरे खाल्ले.
उरलेले पुठ्ठ्याच्या कारखान्यात, ट्रक भरून.
तेलकट बोटं पुसून लोकांनी कज्जला
गटारीत टाकली, ती दिवा न विझवताच गेली.
म्हणजे दामलेसाहेब,
तुम्ही ज्याला दुर्मीळ म्हणायलात
ते ह्या तराजूचं काम हाय.
मी बोललो नाही. भाव पडला असता,
नाहीतर चढला असता. मला कळेना.

हा एक वाचला तो प्रेमानं नव्हे.
पावतीबुकांच्या पेटीत तळाला
कागद अंथरायचा म्हणून आडवा टाकलेला,
तीस-पस्तीस वर्षं
अंधारात, कुणी उघडलाच नाही.
"म्हणूनच," दामले म्हणाले, "म्हणूनच तर!"
आणि साठ हजार मोजले.
मी सवयीनं काट्यावर ठेवला.
सत्तर ग्राम.
आजच्या रद्दीभावानं रुपया, वर पाच पैसे.

त्याच पेटीत दुसरा निघाला.
माझ्या शाहिस्ताचा.
मुखपृष्ठावर तिचं नाव, 'स्ता'ला जागा न पुरल्यानं
खाली घसरलेलं.
नीलगरुडाला बॉलपेनच्या मिश्या,
एकोणीसव्या पानावर हळदीचा अंगठा,
कुपनाच्या जागी चौकोनी भोक.
"ह्याचे शंभरही नाहीत," दामले म्हणाले
आणि हातमोजे काढून ठेवले,
पहिला उघडायची तर सोय नव्हती त्यांना,
म्हणून हाच वाचत बसले,
बोट लावून, ओठ हलवत,
चहावर साय धरेपर्यंत.

निघताना भोकातून माझ्याकडं बघत म्हणाले,
"कुपन पाठवलं होतं तिनं? बिल्ला आला?"
आला की. टिनाचा, निळा, पंख पसरलेला.
वर्षभर फ्रॉकला लावून हिंडली,
झोपायची पण लावून.
"मग? कुठंय?"
दामल्यांचा हात दाराच्या पट्टीवर तसाच थांबला.

भंगारात गेला असंल, मी म्हणालो.
त्या साली पत्र्याला भाव बरा होता.