तिसरी रेघ

मंगळवारी फवारलं. दारावर इद्दरनं
खडूनं वार लिहिला, खाली तीन रेघा:
तीन दिवस तोडणीला आत शिरायचं नाही.

अल्मेरियाच्या या प्लास्टिकखाली
ना वारा, ना पाऊस,
ऊनसुद्धा गाळून येतं.
उघड्या रानात जे भराभर विरतं
ते इथं चिवट पाहुण्यासारखं रेंगाळतं,
निघतो निघतो म्हणत.

पहिल्या दिवशी देठाच्या खोबणीत पांढरट डाग.
दुसऱ्या दिवशी ढोबळी मिरची जराशी फुगली,
औषध तेवढंच, साल वाढली;
खाणारी तोंडं वाढली की भाकरीचं होतं
तसं काहीसं.

प्रयोगशाळेतली रेमेदियोस सांगते,
अर्धं जातं. मग उरल्याचं अर्धं.
मग त्याचंही.
शून्य मी कधीच लिहीत नाही,
"यंत्राला दिसलं नाही" एवढंच लिहिते.

गुरुवारी दुपारी मालकाला फोन:
जर्मनीचा ट्रक रात्रीच निघतोय.
तो दारापाशी आला, अंगठ्यानं
तिसरी रेघ पुसली.
एका दिवसानं काय होतंय, म्हणाला,
आणि ते कुणाला उद्देशून, कळलं नाही.

इद्दरनं हातातली कात्री क्रेटवर ठेवली,
खिशातून खडू काढला,
त्याच जागी रेघ पुन्हा ओढली.
जरा जाडच.
मालक बराच वेळ
चाव्या खुळखुळवत उभा.

शुक्रवारी रेमेदियोस आली,
बारा मिरच्या पिशवीत घालून, चिठ्ठी चिकटवून गेली.
इद्दरच्या सदऱ्याच्या बाहीला
अजून मंगळवारचा वास होता.
तिथला नमुना कुणी नेत नाही.